चौसष्ट अक्षरं आणि एक बसका हत्ती

१

रक्ताच्या बेचाळीस पिशव्या काल फेकून द्याव्या लागल्या, आणि आज सकाळी सव्वादहाला साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला की त्या माझ्यामुळे गेल्या.

"वाच आणि सही कर. पाचच्या आत हॉस्पिटलला पाठवायचंय."

वाचलं. 'सदर फाइलची अलार्म-चाचणी न करताच मी ती मंजूर केली.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या एका ओळीखाली माझं नाव गेलं की जन्मात कोणी मला वैद्यकीय यंत्राच्या जवळपासही फिरकू देणार नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी कारकीर्द खलास.

"साहेब, अलार्म वाजला होता! शुक्रवारी संध्याकाळी तीनदा वाजवला मी. वीज बंद करून, चालू करून, दार उघडं ठेवून. हत्तीवाल्यानं भिंत बडवली, विचारा त्याला!"

आता आमचं बिऱ्हाड सांगते. आमची कंपनी म्हणजे चार माणसं आणि एक चाचणीचा फ्रिज. रक्तपेढ्यांच्या फ्रिजमध्ये जे सॉफ्टवेअर चालतं ते आम्ही करतो. त्याची तयार फाइल आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवतो (त्याला आम्ही शेल्फ म्हणतो), आणि हॉस्पिटलं ती तिथून उतरवून घेतात. फ्रिज तापला की अलार्म वाजवायचा, हे त्याचं मुख्य काम. लिहितात गुरुजी, तपासते मी, फोनवर गिऱ्हाइकांना सांभाळतो तो हॅलो (दिवसभर तेच म्हणतो म्हणून), आणि चिडतात साहेब. पलीकडची खोली भाड्यानं घेऊन मेणमातीच्या बाहुल्यांचे कार्टूनपट करतो तो हत्तीवाला.

गुरुजी म्हणजे देवमाणूस. अक्षरओळख सोडली तर मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर पुठ्ठा आहे: 'अकरा वर्षं. परत मागवलेल्या फाइल : ०'. ह्या सोमवारी हत्तीवाला बोंबलत आला, कारण मशिनवर ठेवलेला त्याचा लाडका हत्ती चारी पाय पसरून बसला होता आणि सोंड पार कॅबिनेटवरून खाली ओघळली होती. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. गुरुजी तेवढे हसले नाहीत. मंगळवारी त्यांनी गुपचूप मेणमातीचा नवा डबा आणून त्याच्या टेबलावर ठेवला. असा माणूस.

काल, बुधवारी, हॉस्पिटलात वीज दोन तास गेली आणि आली. फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं. आतलं तापमान चढत गेलं आणि अलार्मनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. आज सकाळी आम्ही हॉस्पिटलातली तीच फाइल आमच्या फ्रिजवर चढवून पाहिली. वीज घालवली, आणली. ढिम्म.

"शुक्रवारी वाजला तर आज का नाही?" साहेब म्हणाले.

"फाइल बदलली असेल कोणीतरी!"

साहेबांनी रजिस्टर उघडून माझ्याच सहीवर बोट ठेवलं. "आणि फाइलचा ठसा?"

ठसा तर जुळत होता.

गुरुजी हळूच म्हणाले, "ठसा खोटं बोलत नाही गं. चूक होते माणसाची. सही करून टाक. मी देतो तुला दुसरीकडे चिकटवून."

तेव्हा मात्र मला रडूच फुटलं.

२

साडेअकराला दारात आत्या उभी. हातात माझा विसरलेला डबा.

"अगं, जेवण विसरतेस, डोकं पण घरीच... काय झालं? डोळे का सुजलेत?"

माझी आत्या एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय सुटलेली नाही. औषधाच्या बाटलीपासून लिफ्टमधल्या पाटीपर्यंत सगळं वाचते, आणि चूक सापडली की मालकाला गाठून सांगते. तिच्याबरोबर बाहेर जायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच जावं लागतं.

मी भडाभडा सगळं सांगितलं.

"ठसा म्हणजे काय ते नीट सांग. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही."

"हे बघ. फाइल केवढीही असो, ती एका हिशेबातून काढली की चौसष्ट अक्षरांची एक ओळ बाहेर पडते. अंक आणि इंग्रजी अक्षरं. तो तिचा ठसा, म्हणजे चेकसम. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा साफ बदलतो. आम्ही पाठवली तीच फाइल तिकडे पोचली का, हे त्यावरून कळतं."

"एका स्वल्पविरामासाठी?" आत्याचे डोळे चमकले. "एकतीस वर्षं कुठे होतं गं हे? माझी नजर तरी वाचली असती. बरं, शुक्रवारचा ठसा कुठाय?"

"रजिस्टरात."

आत्यानं रजिस्टर ओढलं, चष्मा नाकावर खाली घेतला. "ह्यात तर बाराच अक्षरं आहेत. सहा, मग टिंबं, मग सहा."

"रकाना अरुंद आहे ना. गुरुजींनीच आखलाय अकरा वर्षांपूर्वी. पहिली सहा, शेवटची सहा. हॉस्पिटलची सिस्टर फाइल उतरवून घेते, फोन करते, हॅलो पहिली सहा आणि शेवटची सहा वाचून दाखवतो, ती म्हणते बरोबर. सगळीकडे असंच चालतं. चौसष्ट अक्षरं कोण वाचत बसणार?"

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी आतल्या आत आक्रसले.

"म्हणजे मधली बावन्न कोणीच वाचत नाही?"

"बारा जुळली की सगळी जुळणारच, आत्या. एवढा योगायोग होतच नाही."

माझ्या स्क्रीनवर आज सकाळी काढलेला पूर्ण ठसा होता, त्यावरून तिनं एकदा नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली, ह्या खेपेला बोट लावून. मग पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि त्यातून चौघडी केलेला एक कागद.

ऑफिसातले पाठकोरे कागद मी घरी नेते, आत्या त्यावर शब्दकोडी रचते. हा शुक्रवारचा कागद होता. मागच्या बाजूला आत्याचं अर्धवट कोडं. पुढच्या बाजूला तारीख, वेळ सहा वाजून चाळीस मिनिटं, आणि मी छापलेला शुक्रवारच्या फाइलचा ठसा. पूर्ण.

"मी हा शुक्रवारीच वाचला होता," आत्या म्हणाली. "हातात कागद आला की वाचते, काय करू! ह्यात ओळीच्या मधोमध तीन शून्यं शेजारीशेजारी होती. मला वाटलं छपाईची चूक. तुझ्या स्क्रीनवर ती तीन शून्यं कुठायत?"

मी बघितलं. नव्हती.

३

पहिली सहा अक्षरं तीच. शेवटची सहा तीच. मधल्या बावन्नमध्ये मेळ म्हणून नाही!

मी खुर्चीवरून ताडकन उठले. "आत्या! फाइल बदललीय! मी खरं बोलत होते! साहेब!"

आत्यानं मला ओढून खाली बसवलं. "ओरडू नकोस. आधी मला समजू दे. तू म्हणालीस असा योगायोग होत नाही."

"नाहीच होत."

"मग कोणी मुद्दाम केला तर?"

मी विचार करायला लागले आणि अंगावर सर्रकन काटा आला. मुद्दाम करता येतं! नवी फाइल घ्यायची. तिच्या शेवटी निरर्थक अक्षरांचं शेपूट जोडायचं, ठसा काढायचा. नाही जुळला? शेपटातलं एक अक्षर बदलायचं, पुन्हा काढायचा. पुन्हा. पुन्हा. कधी ना कधी पहिली सहा आणि शेवटची सहा हवी तशी येणार. चौसष्टच्या चौसष्ट जुळवायला जगातली सगळी यंत्रं कमी पडतील, पण बाराच जुळवायची असतील तर...

मी फाइल उघडली आणि तळाशी गेले. खरंच तिथे शेपूट होतं! सोळा अक्षरांचा अर्थहीन कचरा.

"किती वेळा करावं लागेल हे?" आत्यानं विचारलं.

मी हिशेब केला. "साधारण दोनशे ऐंशी लाख कोटी वेळा."

"बाप रे! मग कोणी बसलंय करत?"

"माणूस नाही, मशिन करतं. पण आमच्या मशिनांना वर्ष लागेल. शुक्रवारी संध्याकाळी फाइल शेल्फवर ठेवली, सोमवारी अकराला सिस्टरनं उतरवून घेतली. मधे फक्त शनिवार-रविवार. त्याला फार दांडगं मशिन पाहिजे, मोठमोठी ग्राफिक्स कार्डं असलेलं. तसं आपल्याकडे कुठाय?"

बोलता बोलता माझं लक्ष पलीकडच्या भिंतीकडे गेलं. आत्याचंही गेलं.

"तो कार्टूनवाला," आत्या म्हणाली, "त्याचं मशिन केवढं आहे?"

४

हत्तीवाल्याच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्याचं कपाटाएवढं मशिन, त्यात चार कार्डं. वर तो बसका हत्ती अजून तसाच.

"मावशी, हात लावू नका त्याला!" तो कळवळून म्हणाला. "चार महिने खपलो होतो त्याच्यावर."

"वितळला कसा?"

"तेच कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो, सोमवारी आलो. खिडक्या बंद, एसी बंद. पण शनिवार-रविवार काही एवढं ऊन नव्हतं."

"जाताना मशिन बंद केलंत?"

"झोपवून जातो मी. बंद नाही करत."

"पासवर्ड?"

त्यानं ओशाळून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. 'हत्ती१'. खोलीची किल्ली बाहेर सगळ्यांच्याच किल्ल्यांबरोबर खिळ्याला लटकलेली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऊन नव्हतंच! मशिन दोन दिवस जीव तोडून राबलं होतं, बंद खोलीत, आणि त्याच्या झळांनी हत्ती बसला होता. सोमवारी आम्ही हसत होतो तेव्हा पुरावा आमच्या नाकासमोर सोंड लोंबवून पडला होता!

"शुक्रवारी अलार्म ऐकलात?" आत्यानं जाता जाता विचारलं.

"ऐकला म्हणजे? कानठळ्या बसल्या. तीनदा. भिंत बडवली मी."

हॅलो आमच्यासाठी फोन कानावरून खाली ठेवायलाच तयार नव्हता. आत्यानं तो सरळ त्याच्या हातातून काढून घेतला.

"सोमवारी सिस्टरला ठसा कोणी वाचून दाखवला?"

"मीच. पहिली सहा, शेवटची सहा. नेहमीसारखं. काकू, माझ्यावर आळ घेऊ नका हं, मला फाइल शेल्फवर कशी चढवतात तेवढंच येतं. त्याच्या आत काय असतं ते मला विचाराल तर मी फ्रिजलाच विचारेन!"

"शेल्फवर फाइल चढवायचा अधिकार आणखी कोणाला?"

"चौघांनाही."

दोन वाजले, तीन वाजले. मी नखं खात होते. साहेबांनी दोनदा डोकावून घड्याळ दाखवलं. माझ्या मते साहेबच! त्यांना नवीन कंपनी हवीय, जुनी बुडवायची असेल. नाहीतर हत्तीवाला, मशिन त्याचं, हत्ती बसल्याचं नाटकही त्याचंच. मी आत्याला एकेक शंका सांगत होते आणि ती शब्दकोडं सोडवत होती.

"आत्या! दोन तास राहिलेत!"

"तू चोर शोधतेयस," ती म्हणाली. "चोर असता तर काहीतरी नेलं असतं. वैरी असता तर मुद्दाम मोडतोड करून गाजावाजा केला असता. ह्यानं दोन दिवस मशिन राबवलं ते कशासाठी? फाइल बदललीय हे कोणालाही कळू नये म्हणून. असं कोणाला वाटेल?"

"कोणाला?"

"चारला सगळ्यांना बोलाव. मी एकच वाक्य बोलणार आहे. तू तोंडातून ब्र काढू नकोस. फक्त बघ."

५

चारला सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. साहेब वैतागलेले, हॅलो चुळबुळत, हत्तीवाला भेदरलेला. गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, शांत. माझ्यापुढे तो सहीचा कागद.

आत्यानं पाठकोरा कागद आणि आजच्या ठशाची छापील प्रत शेजारीशेजारी ठेवल्या.

"शुक्रवारच्या फाइलचा ठसा आणि हॉस्पिटलच्या फाइलचा ठसा वेगळा आहे."

बस्स. एवढंच.

"काहीतरीच काय!" हॅलो टेबलावर ओणवा झाला. "मी स्वतः वाचलाय! कुठे वेगळा?"

साहेबांनी कागद त्याच्या हातातून ओढले. "दाखवा बघू. सुरुवात तर तीच आहे... शेवट पण..."

हत्तीवाल्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तो साहेबांच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होता.

गुरुजी चष्मा पुसत होते.

मी बघत राहिले. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा पुसला. अकरा वर्षं ठशांवर जगलेला माणूस, आणि त्याला ते कागद बघावेसेही वाटले नाहीत.

"नको," मी पुटपुटले. "आत्या, नको. गुरुजी नाहीत."

आत्या उठून त्यांच्यापाशी गेली. आवाज मुळीच चढवला नाही.

"एकतीस वर्षं मी लेखकांच्या चुका काढल्या. चूक सापडली असं म्हटलं की लेखक तीरासारखा धावत येतो. कुठे? कोणती? दाखवा! जो येत नाही, त्याला ती आधीच ठाऊक असते."

"हा काय पुरावा झाला?" साहेब म्हणाले.

"नाही. पुरावा मेणमातीचा आहे. हत्ती बसला तेव्हा सगळे हसले, कारण सगळ्यांना वाटलं उन्हानं बसला. एकच माणूस हसला नाही आणि दुसऱ्या दिवशी भरपाई घेऊन आला. दुसऱ्याच्या खोलीतल्या उन्हाची भरपाई कोणी करतं का, साहेब? आपल्या हातून झालं असेल तरच जीव टोचतो."

हत्तीवाला गुरुजींकडे बघतच राहिला.

"आणि बारा अक्षरांची पद्धत ह्यांचीच. ह्या ऑफिसात मधलं कोणी वाचत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? राहता राहिलं कारण." आत्यानं भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "ते तिथे लिहिलंय."

परत मागवलेल्या फाइल : ०.

६

गुरुजी एकदम बोलले, घाईघाईनं, कोणी मधे अडवेल अशी भीती असल्यासारखे.

"शुक्रवारी सातला लक्षात आलं. वीज तासाभराहून जास्त गेली तर फ्रिजचं घड्याळ मागे पडत होतं. माझी चूक. ही दहाच मिनिटं वीज बंद करते, तिला दिसणं शक्यच नव्हतं. फाइल शेल्फवर गेली होती. ती परत मागवायची म्हणजे... म्हटलं, चूकच तर दुरुस्त करतोय. कोणाचं काय वाईट करतोय? दुरुस्त केली, ठसा जुळवला, रविवारी ठेवली. घड्याळ सुधारलं. पण त्या नादात वीज आल्यावर अलार्म जागाच होत नव्हता. ते तपासलं नाही. तपासायला हिला द्यावी लागली असती."

"आणि बुधवारनंतर?" साहेबांनी विचारलं.

"बुधवारनंतर..." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ते एक शून्य पुसायची माझी हिंमत झाली नाही."

"आणि माझं नाव पुसायची झाली?"

हे मीच बोलले. एवढ्या मोठ्यानं की बाहेर वाजणारा फोन घ्यायला कोणी हललं नाही. मला इतका राग आला होता की हातातलं पेन मोडलं, आणि इतकं वाईट वाटत होतं की त्या रागाचं करायचं काय तेही कळेना. ज्या माणसानं मला तपासायला शिकवलं, त्याला मी तपासायची भीती वाटली होती.

गुरुजींनी खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. शुक्रवारची मूळ फाइल. ती टाकून देणंही त्यांना जमलं नव्हतं. मी तिथेच तिचा ठसा काढला. आत्या पाठकोऱ्या कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर बघत गेली. तीन शून्यं आली तेव्हा तिनं माझा हात दाबला. चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

साहेबांनी माझ्यापुढचा कागद फाडला. गुरुजींनी स्वतःच्या हातानं नवा लिहिला, सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. सही केली. चार वाजून पन्नास मिनिटं.

"सुटलीस बाई," हॅलो म्हणाला.

मी कागद स्वतःकडे ओढला आणि खाली माझी एक ओळ घातली. 'ठशाची बाराच अक्षरं जुळवायची पद्धत मी कधी मोडली नाही. चौसष्ट पाहिली असती तर ही फाइल सोमवारीच अडली असती.' खाली माझी सही.

"अगं, कशाला?" साहेब म्हणाले. "तुझ्यावर काही नाही आता."

"बेचाळीस पिशव्या आहेत, साहेब."

आत्यानं ती ओळ वाचली. चूक शोधायला वाचते तशी, बोट लावून. मग कागद साहेबांकडे दिला. "ह्यात काही सुधारायचं नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

घड्याळाची दुरुस्ती नीट होऊन, माझ्याकडून तपासून जाईपर्यंत शुक्रवारचीच फाइल चालवायची ठरलं. हॅलोनं ती शेल्फवर चढवली. पाच वाजून दहा मिनिटांनी रक्तपेढीतल्या सिस्टरचा फोन आला. फोन मी घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"उतरवून घेतली बघ फाइल. हं, सांग. पहिली सहा."

"सिस्टर, खुर्ची घ्या आणि बसा. आज सगळी वाचायचीत. तुम्ही वाचा, मी बघते. मग मी वाचते, तुम्ही बघा."

"चौसष्ट? वेड लागलंय का तुला?"

"हो."

ती वाचू लागली. मी स्क्रीनवर बघत 'बरोबर, बरोबर' म्हणत होते. आत्या शेजारी कागदावर बोट सरकवत होती. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. गुरुजी खुर्चीवर चढून पुठ्ठ्यावरचं शून्य खोडत होते. त्यांनी तिथे एक लिहिला, खाली उतरले, पिशवी उचलली आणि दाराशी थांबले. मी मान वळवली नाही. पण ते तिथे उभे राहून मनातल्या मनात अक्षरं मोजतायत, हे मला पाठमोरीलाही कळत होतं.

"थांब," आत्या म्हणाली. "एकोणचाळिसावं तिनं वाचलंच नाही, आणि तू बरोबर म्हणालीस."

मी जीभ चावली.

"सिस्टर, पुन्हा पहिल्यापासून."

"अगं बाई! पुन्हा?"

"पुन्हा," मी म्हणाले, आणि पेन हातात घेतलं.